साने गुरुजी: उंबरठ्याच्या आतला न्याय

आमचे सोनगीर गाव मुंबई-आग्रा हमरस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेस वसलेले आहे. गावाच्या माथ्यावर जुना किल्ला आहे, आणि तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांमुळे ह्या गावाचे नाव खानदेशात पूर्वीपासून सर्वांस ठाऊक आहे. कारागीर पत्रा ठोकून घागर घडवितो, तेव्हा ती कोणाच्या घरी जाणार हे तो पाहत नाही. परंतु तीच घागर पाणवठ्यावर गेली, म्हणजे ती कोणाची, कोणी प्रथम भरावी, कोणी दूर उभे राहून दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी, असे प्रश्न आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारले. धातूत नसलेला भेद माणसांनी तीस चिकटविला.

ह्या भेदाशी ज्यांनी जन्मभर झुंज दिली, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. ते जन्माने कोकणातले. परंतु त्यांच्या कार्याची भूमी आपला खानदेश. सोनगीरच्या दक्षिणेस धुळे आहे. तेथील तुरुंगात त्यांनी दिवस काढिले. पूर्वेस अंमळनेर आहे. तेथील शाळेत त्यांनी मुले शिकविली. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांस साने गुरुजी ह्या नावाने ओळखतो. ते आपल्या मंडळीतले नव्हते. ते भक्तिमान हिंदू होते व शेवटपर्यंत तसेच राहिले. तरी देवाने चांगुलपणाचे बी एकाच शेतात पेरिले नाही, हे जाणून वाचकांनी हे चरित्र मोकळ्या मनाने वाचावे, अशी आमची विनंती आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या पालगड गावी एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळी घरी सुबत्ता होती. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात ती ओसरली, कर्ज वाढत गेले, आणि अखेरीस घरादारावर जप्ती आली. ज्या घराला लोक मान देत, त्याच घराच्या दारात सावकाराची माणसे येऊन बसू लागली. गरिबी म्हणजे काय, हे गुरुजींस कोणत्याही ग्रंथावरून शिकावे लागले नाही.

ह्या हलाखीत त्यांच्या आई यशोदाबाई यांनी मुलांस जे वळण लाविले, ते गुरुजींनी पुढे 'श्यामची आई' ह्या पुस्तकात कथारूपाने सांगितले आहे. त्यात त्यांनी स्वतःस श्याम हे नाव घेतले आहे. स्नान केल्यावर तळव्यांस माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरितो, तेव्हा आई आपल्या ओल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरून त्यास त्यावर पाय ठेवू देते. आणि पाय घाण होऊ नयेत म्हणून जपतोस, तसे मनही घाण होऊ नये म्हणून जप, असे त्यास समजाविते. ही गोष्ट आपल्या घराघरांतील मुलांस माहीत आहे.

दुसरी एक गोष्ट तितकी सांगितली जात नाही. परंतु आमच्या मते गुरुजींच्या साऱ्या पुढच्या आयुष्याची ती किल्ली आहे. अस्पृश्य मानिलेल्या समाजातील एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चालली होती. मोळी डोक्यावरून खाली पडली. ती पुन्हा उचलून देण्यास कोणी पुढे येईना, कारण तिला शिवावे कोणी? आईने श्यामला सांगितले की, जाऊन तिच्या डोक्यावर मोळी दे. लोक नावे ठेवतील म्हणून मुलगा भ्याला. तेव्हा घरी येऊन आपण अंघोळ करणार आहोत असे लोकांस सांग, पण तिला उन्हात तशी ताटकळत ठेवू नको, असा मार्ग आईने काढिला. मुलाने मोळी उचलून दिली.

वाचकहो, ह्या गोष्टीतील अंघोळीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. त्या माउलीचे हृदय रूढीच्या पलीकडे गेले होते, परंतु पाऊल रूढीच्या अलीकडेच थांबले होते. तिने दया केली व तिच्या काळाने जेवढी मुभा दिली तेवढे केले. तिच्या मुलाने पुढील आयुष्यात मोळी उचलण्याचे व्रत चालविले, आणि अंघोळ मात्र सोडून दिली. आईने दिलेली शिकवण मुलाने पूर्ण केली, ती अशी.

पालगडची शाळा संपल्यावर मुलास पुण्यास मामांकडे ठेविले. परंतु तेथे त्याचे मन रमले नाही. मग घराजवळच्या दापोली येथील मिशनच्या शाळेत त्याचे पुढील शिक्षण झाले. घरची स्थिती खालावली, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तेथे प्लेग आला आणि त्यास परतावे लागले. त्यानंतर पुण्यास राहून, कधी अर्धपोटी तर कधी उपाशी, त्याने शिक्षण चालविले. १९१७ साली आई वारली, तेव्हा हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. ते दुःख त्यांच्या काळजात कायमचे राहिले. पदवी घेतल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, आणि अशा रीतीने कोकणचा हा मुलगा आपल्या खानदेशचा झाला.

१९२४ साली ते अंमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल ह्या नावाने प्रसिद्धीस आली. शाळेच्या छात्रालयाची देखरेखही त्यांच्याकडे आली. आता छात्रालयाचे प्रमुख म्हटले, म्हणजे हातात छडी, तोंडात दटावणी आणि मुलांच्या मनात धाक, अशी आपली कल्पना असते. गुरुजींनी हुकूम करण्याचे काम बाजूस ठेविले आणि झाडू हाती घेतला. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या झाडून नीट लावून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. कोणी मुलगा तापाने पडला, तर रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत. ज्याची फी भरण्याची ऐपत नसे, त्याची फी त्यांच्या पगारातून जाई. प्रथम मुलांस हे विचित्र वाटले. मग त्यांस लाज वाटू लागली. आणि लाजेतून त्यांनी आपली कामे आपण करावयास आरंभ केला. मुलांसाठी गुरुजी आपल्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत, आणि १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले.

येथे थोडे थांबून विचार करावा. आपल्या देशात झाडण्याचे, धुण्याचे व घाण उपसण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारिले गेले होते, आणि ते काम करणारा हीन ठरत होता. एक उच्चवर्णीय, एम. ए. झालेला शिक्षक जेव्हा मुलांदेखत झाडू हाती घेतो, तेव्हा तो केवळ खोली झाडीत नाही. काम हीन नाही, म्हणून ते करणारा मनुष्यही हीन नाही, हे तो व्याख्यान न देता शिकवितो. अंमळनेरच्या त्या खोल्यांतून जी मुले बाहेर पडली, त्यांपैकी कित्येकांनी पुढे देशसेवेस वाहून घेतले.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा गुरुजींनी शाळेची नोकरी सोडिली. त्यांस शिक्षा होऊन प्रथम धुळ्याच्या व नंतर दूर दक्षिणेस त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेविले गेले. तेथे अनेक प्रांतांचे बंदी एकत्र होते. त्यांच्या सहवासात गुरुजींनी तमिळ व बंगाली भाषांचा अभ्यास केला, आणि तमिळ भाषेतील पूज्य ग्रंथ कुरळ मराठीत आणिला. आपल्याच देशातील मनुष्य आपणांस परका का वाटावा, ह्या विचाराने तेथेच मूळ धरिले.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच वेळी विनोबा भावे तेथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या काळात दर रविवारी, अशा १८ रविवारी, विनोबांनी बंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली, आणि ती गुरुजींनी आपल्या वेगवान लेखणीने उतरून घेतली. ते नसते, तर 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज ह्या स्वरूपात आपल्या हाती नसता. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. ते १९३५ साली छापिले गेले. तेव्हापासून किती आयांनी ते मुलांस वाचून दाखविले असेल, ह्याची गणती नाही.

तुरुंगातून सुटल्यावर ते खानदेशच्या खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव गेले. १९३८ साली त्यांनी अंमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढिले, आणि त्यातून शेतकऱ्यांच्या सारामाफीची व धुळे-अंमळनेर येथील गिरणीकामगारांची गाऱ्हाणी मांडिली. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत राहिले व पुढे पकडले गेले. सर्व तुरुंगवास एकत्र मोजिला तर तो सहा वर्षांहून अधिक भरतो.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे वळू. पंढरपूर हे महाराष्ट्राच्या वारकरी भक्तीचे माहेर. तेथे संत चोखामेळ्याची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे. ज्याचे अभंग सर्व जातींचे लोक गात, त्याच्या जातीच्या माणसास मात्र शेकडो वर्षे त्या पायरीच्या आत जाता येत नव्हते. हा अन्याय कोणास दिसला नाही असे नाही. ज्यांच्यावर तो होत होता, ते स्वतः आधीच उठले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांसह हाती घेतले, आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह आरंभिला. तो सुमारे पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. हे सांगणे अवश्य आहे. कारण न्याय ही वरच्यांनी खालच्यांस घातलेली भीक नव्हे. ज्यांनी दार लावून घेतले होते, त्यांच्यापैकी एकाने आतून कडी काढावयास उठावे, एवढेच गुरुजींनी केले. आणि हे एवढेच करणारे फार थोडे होते.

गुरुजींच्या मनात १९४६ सालीच उपोषण करावयाचे होते; परंतु लोकांस समजाविल्यावाचून उपोषण करू नये, असा सहकाऱ्यांनी आग्रह धरिला. म्हणून त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलेमुली त्यांच्याबरोबर गाणी व संवाद घेऊन हिंडली. ह्या दौऱ्यात गावोगावची अनेक देवळे व पाणवठे सर्वांस खुले झाले. परंतु पंढरपूरचे दार बंदच राहिले. तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्या क्षेत्रात त्यांस उपोषणास बसावयास जागा मिळेना. अखेर तनपुरे महाराजांनी आपल्या मठात आसरा दिला. गांधीजींसही प्रथम हे उपोषण पटले नव्हते, आणि ते सोडावे असा त्यांनी निरोप धाडिला. ज्यांस गुरुजी पित्याप्रमाणे मानीत, त्यांचा हा शब्द मोडणे त्यांस किती जड गेले असेल! तरी वस्तुस्थिती आपणांस जवळून दिसते, हे नम्रपणे कळवून ते आपल्या निश्चयावर राहिले. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, देवळाच्या बडव्यांनी संमती दिली, आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

हे वृत्त वाचीत असता आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली व ती सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सोपविलेल्या एका मंडळीत हंगामाच्या सणाचे भोजन होते. उपासना एकत्र झाली, गीते एकत्र गाइली. परंतु जेवणाच्या वेळी पंगती दोन पडल्या. पूर्वी एका समाजातून आलेली घरे ओसरीवर बसली, दुसऱ्या समाजातून आलेली अंगणात. ज्या बाईने पहाटे उठून ती ओसरी सारवली होती, ती आपल्या मुलांसह अंगणात, दुसऱ्या पंगतीची वाट पाहत उभी होती. आम्ही ते पाहिले. सणाचा विरस नको, असे मनाशी म्हणून आम्ही पहिल्या पंगतीत बसलो, आणि उपकारस्तुतीची प्रार्थनाही आम्हीच केली. पंढरपूरच्या बडव्यांस दोष देण्याचा आम्हांस काय अधिकार? त्यांचे देऊळ दगडाचे होते, आमचे पत्रावळीचे, एवढाच फरक.

पुढल्या वर्षी आम्ही आधीच वडील मंडळींस भेटून सांगितले की, पंगत एकच असेल, नाही तर आमचे पान अंगणात असेल. आम्ही अंगणात बसलो. काही घरची माणसे न जेवता निघून गेली. त्यानंतरच्या वर्षी त्यांपैकी दोन घरे एका पंगतीस बसली. बाकीची अद्याप आलेली नाहीत. आम्ही त्यांच्या घरी जातो, आजाऱ्यांस भेटतो, बोलणे बंद केलेले नाही. परंतु पान पुन्हा ओसरीवर नेलेले नाही.

गुरुजींच्या अखेरच्या दिवसांविषयी थोडे सांगून हे चरित्र आटोपतो. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारणारा महाराष्ट्रीय होता, हे शल्य गुरुजींच्या मनास फार लागले, आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. प्रांताप्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांस ओळखावे, ह्यासाठी 'आंतरभारती' नावाची योजना त्यांनी मांडिली. ते स्वप्न त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पडले होते. परंतु मन थकत चालले होते. अतिशय कोवळ्या अंतःकरणाच्या ह्या पुरुषास भोवतालचे दुःख सोसवेना, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्याच हाताने आपले जीवन संपविले.

हे आम्ही झाकून ठेवीत नाही, आणि त्याची वाखाणणीही करीत नाही. मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. आम्हांस एवढेच वाटते की, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मोळ्या उचलून दिल्या, त्याची मोळी जड झाली तेव्हा ती उचलून देणारा हात वेळेवर पोहोचला नाही. आपल्या गावात जे सर्वांसाठी धावतात, ते शिक्षक, त्या सुईणी, ते पंच, ते सेवक, ह्यांच्या दारीही कधी जाऊन बसावे व त्यांचे मन विचारावे. दुसऱ्यास धीर देणाऱ्यासही धीराची गरज असते.

वाचकहो, २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १९५५ सालच्या कायद्याने ती पाळणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला आहे. पंढरपूरचे दार उघडले, त्यासही आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. कायद्याचा हात सार्वजनिक विहिरीपर्यंत व देवळाच्या दारापर्यंत पोहोचतो. तो आपल्या चुलीपर्यंत पोहोचत नाही. घरी कामास येणाऱ्या बाईस चहा देताना आपण फळीवरचा वेगळा कप काढितो की काय, शेतावरील मजुराची मजुरी आठवड्याच्या बाजाराआधी त्याच्या हाती पडते की काय, गटार उपसणाऱ्यास आपण नावाने हाक मारितो की काय, मुलीचे स्थळ पाहताना जुन्या जातीची चौकशी हळूच करितो की काय, हे पाहण्यास कोणी अधिकारी येणार नाही. ते आपले आपणच पाहिले पाहिजे.

गुरुजींनी पंढरपूरचे दार एकदम ठोठावले नाही. त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी ते अंमळनेरच्या छात्रालयातील खोल्या झाडीत होते. ज्याने घरातले लहान काम खरेपणाने केले, त्याच्या शब्दास महाद्वारापाशी वजन आले. आपणांपैकी फारच थोड्यांस एखाद्या महाद्वारापुढे उभे राहण्याचा प्रसंग येईल. परंतु पंगत प्रत्येक घरी बसते, आणि पाणी प्रत्येक घरी भरिले जाते. येत्या हंगामाच्या सणास सोनगीरच्या आसपासच्या प्रत्येक मंडळीत पंगत एकच बसावी, आणि ज्या बाईने ओसरी सारवली तिचे पान प्रथम वाढिले जावे, एवढे आपण ह्या वर्षी करू या.